लोणचं विकत कोण घेणार?

आपल्या बहुतेकांच्या घरी बेडेकरांची बाटली कधी ना कधी येऊन गेलेली असते. तिच्या मागची गोष्ट मात्र फारशी कुणी विचारत नाही.

विश्वनाथ परशुराम बेडेकर यांनी १९१० साली मुंबईत गिरगावात किराण्याचं दुकान काढलं. तयार लोणची आणि मसाले विकायचं पुढच्या पिढीने, वासुदेव बेडेकरांनी, १९१७ च्या सुमारास मनावर घेतलं. घरोघरी बरण्या भरल्या जात होत्या, त्या काळात हे धाडसच! पण मला वाटतं गिरगावातल्या चाळींनी त्यांना हात दिला असावा. दोन खोल्यांत कैऱ्या वाळवायला जागा कुठली? १९४३ साली दुकानाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली, नावात ‘अँड सन्स’ राहिलं.

हे सगळं वाचायचं कारण घरातलंच. माझा धाकटा चुलतभाऊ म्हणतो, बिदरकडे आलं पिकतं, कोळारला औद्योगिक वसाहत आहे, मग आपणच आल्याचं आणि कैरीचं लोणचं का भरू नये? काका म्हणतात, "लोणचं विकत कोण घेणार रे?" भांडवल म्हणून जी ठेव मोडायची आहे, ती चुलतबहिणीच्या लग्नाची. मी बी.ई. झालेला, म्हणून दोघांनी मला पंच नेमलं. बी.ई. संगणकातली आहे हे कुणी लक्षातच घेत नाही!

विकत कोण घेणार याचं उत्तर बेडेकरांनी देऊन ठेवलंय. मला काळजी वाटते ती पैशाची. कैरी वर्षातून काही आठवडेच येते. ती तेव्हाच रोखीने घ्यायची, फोडी मिठात खारवून ठेवायच्या आणि वर्षभर लागेल तसा मसाला-तेल घालून माल काढायचा. पैसा उन्हाळ्यात जातो आणि दुकानदाराच्या उधारीतून हळूहळू परत येतो. घरच्या धंद्याला मुलं-सुना बिनपगारी राबतात म्हणून तो टिकतो, हेही खरं.

भाऊ पुढे म्हणाला, लोणच्यासोबत कलबुर्गीच्या तुरीचं शिजलेलं वरणही डब्यात भरू. तिथे मी त्याला थांबवलं. अन्न हवाबंद करून उकळायची युक्ती निकोला अपेर या फ्रेंच माणसाची. १८१० साली त्याला सरकारकडून बारा हजार फ्रँक मिळाले. अन्न का टिकतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं, ते पुढे पाश्चरने सांगितलं. आंब्याचा रस आंबट, त्यामुळे तो उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर सुरक्षित होतो. लोणच्याला मीठ, आंबटपणा आणि तेल सांभाळतं. वरणात यातलं काहीच पुरेसं नसतं. हवाबंद डब्यात बॉटुलिनम नावाचा जंतू राहिला तर जीवघेणं विष तयार होतं, आणि त्याला वासही येईलच असं नाही. म्हणून असे डबे दाबाखाली, साधारण १२१ अंशांवर तापवावे लागतात. प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजून हे काम होत नाही.

आपल्याच राज्यात म्हैसूरला सीएफटीआरआय ही केंद्र सरकारची अन्नतंत्र संस्था १९५० पासून आहे. तिथे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालतात. भावाला म्हटलं, आधी तिथे जाऊन ये, एफएसएसएआयच्या नियमांचे कागद वाच आणि वरणाचा विषय सध्या सोड. फक्त लोणच्याच्या पन्नास बाटल्या भर. त्या आपल्या बिदरच्या पत्र्याच्या खोलीत मार्च ते जून ठेवून बघ. झाकण फुगलं, तेल गळलं किंवा बुरशी आली, तर पन्नासच बाटल्या जातील. ठेवीला तोवर हात लावायचा नाही, यावर काका आणि तो पहिल्यांदाच एकमताने हो म्हणाले आहेत.