जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरांत एक वाद उपस्थित झाला. वादाचें कारण ऐकून कांहीं वाचक हंसतील. परंतु ज्या घरांत चौदा वर्षांचा मुलगा आहे त्या घरचीं वडील माणसें हंसणार नाहींत, अशी आमची खात्री आहे. आमच्या नातवाचा बालमित्र, भिंतीस भिंत लागून असलेल्या बिऱ्हाडांतला, वडिलांची बदली झाल्यामुळें त्या वर्षीं जून महिन्यांत हैदराबादेस निघून गेला. दोघे पहिलीपासून एका बांकावर बसलेले. तो गेल्यापासून आमच्या मुलाचें बोलणें कमी झालें, आणि संध्याकाळीं तो गच्चीवर एकटाच बसूं लागला. पुढें कळलें कीं, मित्रानें तिकडून निरोप धाडला आहे : 'तूं संगणकावर ये, आपण दोघे मिळून ट्रक चालवूं.'

हा ट्रक चालविण्याचा खेळ प्राग शहरांतील एका मंडळीनें २०१२ सालीं काढला. त्याचें नांव 'यूरो ट्रक सिम्युलेटर २'. त्यांत मारामारी नाहीं, रक्तपात नाहीं. एका शहरांतून माल भरावयाचा आणि युरोप खंडांतील रस्त्यांनीं तो दुसऱ्या शहरीं नेऊन पोहोंचवावयाचा, एवढेंच. २०२१ सालापासून त्यांत मित्रांचा तांडा करून एकत्र जाण्याची सोय झाली आहे. तीस वर्षें भूगोल आणि संस्कृत शिकविलेल्या मास्तरास ह्या खेळांत आक्षेपार्ह असें कांहीं सांपडेना, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करतों.

अडचण निराळीच होती. आमच्या घरचा संगणक २०१४ सालीं घेतलेला. चौथ्या पिढीचा इंटेल कोअर आय-५ ४५७० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि साडेअठरा इंची मॉनिटर असा त्याचा संसार. त्यावर हा खेळ लावला कीं ट्रक धांवण्याऐवजीं उड्या मारीत जाई. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, आतां नवाच घेऊं. ऐशीं हजारांपर्यंत चांगला येतो, आणि हप्ते करून देतात." घराच्या कर्जाचे हप्ते अजून नऊ वर्षें फेडावयाचे आहेत, त्यांत ही भर! आम्हीं विरोध केला. आमच्या कुटुंबानें स्वयंपाकघरांतूनच निकाल दिला, "पाटा गुळगुळीत झाला म्हणजे त्याला टांकी लावून घेतात, पाटा कोणी टाकून देत नाहीं." सूनबाई हंसल्या, आणि टांकी लावण्याचें काम आमच्याकडे आलें.

येथें आमच्या हातून जी चूक झाली ती सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. आम्ही गांवांतल्या एका दुकानीं गेलों आणि 'खेळासाठीं कार्ड द्या' म्हणालों. दुकानदारानें 'दोन जीबीचें ग्राफिक्स कार्ड' म्हणून जीटी ७१० हें कार्ड हातीं ठेविलें. तीन हजार तीनशें रुपये मोजून, पेढे आणावे तशा उत्साहानें तें आम्ही घरीं आणलें. बसविलें. खेळ पूर्वीं सेकंदास बावीस चित्रें दाखवीत होता, तो आतां चोवीस दाखवूं लागला. मुलानें क्षणभर पडद्याकडे पाहिलें आणि म्हणाला, "आजोबा, बराच फरक पडला आहे." तो खोटें बोलत होता, आणि तें आमच्यासाठीं बोलत होता. त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आमचा एक जुना विद्यार्थी, जो आतां संगणकदुरुस्तीचें काम करतो, त्यास बोलाविलें. त्यानें कार्ड पाहिलें, आणि मोठ्या अदबीनें म्हणाला, "सर, नाडी न पाहतांच औषध आणलेंत." मग त्यानें समजावून सांगितलें तें असें. चित्रपटांत सेकंदास चोवीस चित्रें पुरतात. तीं आधींच काढून ठेविलेलीं असतात. खेळांत प्रत्येक चित्र त्या त्या क्षणीं नवें रेखाटावें लागतें. डोळ्यांस सुख वाटावें म्हणून सेकंदास साठ चित्रें हवीं, म्हणजे एका चित्रास अवघे सुमारें १६.७ मिलिसेकंद मिळतात. हें रेखाटणें ग्राफिक्स कार्डाचें काम. आणि तें कार्ड किती जीबीचें आहे ह्यावर फारसें अवलंबून नसतें. किती चित्रकार एकदम काम करतात आणि रंग किती वेगानें हाताशीं येतो, ह्यावर तें असतें. जीटी ७१० मध्यें असे १९२ चित्रकार आहेत. जीटीएक्स १६५० मध्यें ८९६. आमच्या कार्डावरील स्मृतीचा वेग सेकंदास १४.४ जीबी, तर त्या दुसऱ्या कार्डाचा १२८. आणखी गंमत अशी कीं, आमच्या जुन्या संगणकांत रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या जोडीनें बसविल्या असत्या, तर नुसत्या रॅमचाच वेग २५.६ जीबी झाला असता! म्हणजे कार्डाच्या पेटीवर ठळक छापलेला 'दोन जीबी' हा शब्द घागर किती मोठी तें सांगतो. नळ किती बारीक तें सांगत नाहीं.

मग नाडीपरीक्षा झाली. विंडोजमध्यें टास्क मॅनेजर म्हणून एक पान असतें. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या कीं तें उघडतें. खेळ चालूं ठेवून तें पाहिलें. हार्ड डिस्क १०० टक्के गुंतलेली, रॅम कांठोकांठ भरलेली, आणि प्रोसेसर मात्र निम्म्याहून अधिक मोकळा. दुसरी एक खूण त्यानें शिकविली, ती वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. खेळांतील चित्राचा आकार कमी करून पाहावा. त्यानें वेग वाढला तर दोष ग्राफिक्सचा. न वाढला तर बहुधा प्रोसेसरचा. आमच्याकडे वाढला. ज्या ठिकाणीं अडतें त्याच ठिकाणीं पैसा घालावयाचा, इतरत्र एक दमडीही नाहीं, असें तेथेंच ठरलें.

संस्कृतांत सूचीकटाहन्याय म्हणून एक न्याय आहे. लोहाराकडे सुई आणि कढई अशीं दोन कामें आलीं तर तो आधीं सुई करून मोकळा होतो. आम्हींही तोच क्रम धरला. प्रथम कॅबिनेट उघडून सफाई केली. अकरा वर्षांची धूळ! पंख्याच्या पात्यांवर तिचा नमदा जमला होता, आणि एका कोपऱ्यांत पालीच्या अंड्यांचीं टरफलें होतीं. प्रोसेसर आणि त्यावरचा थंड करणारा ठोकळा ह्यांच्यामध्यें एक लेप असतो. तो वाळून खडूसारखा झाला होता. पुसून नवा लावला. यंत्र तापलें म्हणजे तें आपण होऊन मंद चालतें, म्हणून ही सफाई केवळ शोभेची नव्हे. खर्च दोनशें रुपये.

पुढील खरेदीसाठीं आम्ही दोघे मुंबईस लॅमिंग्टन रोडवर गेलों. त्या रस्त्याचें आजचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण संगणकाचे सुटे भाग घेणारा मनुष्य जुन्याच नांवानें पत्ता विचारतो.

तेथें प्रथम एसएसडी घेतली, सुमारें ५०० जीबीची, २,९०० रुपयांस. फिरत्या डिस्कची तबकडी मिनिटास ७,२०० फेरे करते. तरीही हवी ती नोंद सुईखालीं येण्यास दहाबारा मिलिसेकंद जातात. एसएसडींत फिरणारें असें कांहींच नसल्यानें तें काम एका मिलिसेकंदाच्या अगदीं लहानशा अंशांत होतें. संगणक सुरू होण्यास पूर्वीं तीन मिनिटें लागत. आतां चहाचा कप खालीं ठेवीपर्यंत तो तयार असतो. मात्र हिनें चित्रांची संख्या वाढत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. रॅम वापरलेलीच घेतली, ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या, दोन्ही मिळून १,५०० रुपयांस. आमचा संगणक डीडीआर ३ जातीचा. डीडीआर ४ किंवा ५ ची पट्टी त्यांत बसत नाहीं, कारण खांचच निराळ्या जागीं असते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढल्यानें नव्या रॅमचे भाव भडकले, तेव्हां आमच्या ह्या जुनाट जातीचें आम्हांस प्रथमच कौतुक वाटलें.

मुख्य प्रश्न कार्डाचा. आमच्या संगणकाचा पॉवर सप्लाय २९० वॉटचा, त्यास कार्डासाठीं वेगळी तार नाहीं, आणि त्याची जोडणी कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीची असल्यानें बाजारांतला दुसरा सहज बसत नाहीं. मदरबोर्डावरील खोबणीतून कार्डास ७५ वॉटपर्यंतच वीज मिळूं शकते. १८५ वॉटचें आरएक्स ५८० एका दुकानीं स्वस्तांत दिसत होतें. तें विजेच्याच कारणास्तव बाद झालें. शिवाय अशा वापरलेल्या कार्डांपैकीं कित्येक आभासी चलनाच्या खाणकामांत अहोरात्र राबलेलीं असतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथीरियम ह्या चलनानें ती पद्धत सोडल्यावर असा माल बाजारांत फार आला. जीटीएक्स १०५० टीआय हें २०१६ चें कार्ड विजेच्या हिशेबांत बसत होतें, परंतु त्या पिढीच्या कार्डांसाठीं नव्या खेळांस अनुकूल असे ड्रायव्हर देणें एनव्हिडिया कंपनीनें नेमकें ऑक्टोबर २०२५ मध्येंच थांबविलें. राहिलें तें २०१९ चें जीटीएक्स १६५०, ४ जीबीचें. त्याचेही कांहीं प्रकार जास्तीची तार मागतात. ती न मागणारें पाहून, दुकानांतच अर्धा तास खेळ चालवून दाखवावयास लावून, ७,००० रुपयांस घेतलें. ज्यांचा संगणक उभट अरुंद पेटीचा आहे त्यांनीं कार्डाची उंचीही मोजून घ्यावी, नाहींतर झांकण लागत नाहीं.

घरीं येऊन पाहतों तों नवीच अडचण! मॉनिटरची तार जुन्या व्हीजीए पद्धतीची, आणि नव्या कार्डास तें भोंकच नाहीं. चिरंजीव लगेच नव्या मॉनिटरचें बोलूं लागले. साडेतीनशें रुपयांच्या एका रूपांतरकानें काम भागलें. मॉनिटर न बदलण्यांत आमचा दुसराही हेतु होता. आमच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे सुमारें साडेदहा लक्ष ठिपके आहेत. नव्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लक्षांहून अधिक. लहान पडदा ठेवल्यानें कार्डाचें काम निम्म्यावर येतें. जुन्या वस्तूची उणीव दुसऱ्या जुन्या वस्तूच्या उपयोगीं पडावी, असा योग संसारांत क्वचित् येतो.

एकूण खर्च ११,९५० रुपये झाला. आमच्या चुकीचे ३,३०० मिळविले तर १५,२५०. ते कुटुंबानें हिशेबाच्या वहींत वेगळ्या ओळीवर मांडून ठेविले आहेत.

आतां मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ह्या प्रोसेसरमध्यें चार गाभे आहेत आणि तो एका वेळीं चारच धागे हांकतो. २०१५ सालीं संगणकावर आलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' ह्या खेळाच्या कर्त्यांनीं आय-५ ३४७० आणि ८ जीबी रॅम पुरेशी म्हणून सुचविली होती. तो खेळ अठरा वर्षांखालील मुलांच्या हातीं देण्याजोगा नाहीं, पण मापास सोयीचा. म्हणजे त्या काळापर्यंतचे खेळ आमच्याकडे सुखानें चालावेत. हल्लींचे मोठे खेळ मात्र अडखळतील. त्याच खोबणींत आठ धाग्यांचा आय-७ ४७७० बसतो, पण त्यास आणखी तीन-चार हजार घालणें आम्हांस पटलें नाहीं. त्यापुढें जावयाचें तर मदरबोर्ड नवा, म्हणून रॅम नवी, म्हणून पॉवर सप्लाय नवा; मग तो जीर्णोद्धार नव्हे, नवें देऊळ.

दुसरी मर्यादा विंडोजची. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. नोंदणी करणारांस सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील असें ठरलें. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरांनाच अधिकृतपणें चालतें. म्हणून आम्हीं डिस्कचा एक भाग लिनक्सकरितां राखून ठेविला आहे. ट्रकच्या खेळाची लिनक्सवरची आवृत्ति मूळ कर्त्यांनींच काढली आहे, आणि विंडोजचे पुष्कळसे खेळ २०१८ पासून प्रोटॉन नांवाच्या साधनानें तेथें चालतात. 'व्हॅलोरंट'सारखे, फसवणुकीवर कडक पहारा ठेवणारे कांहीं खेळ चालत नाहींत. ज्याच्या मुलास तेच हवे असतील त्यानें आमच्या वाटेनें जाऊं नये.

सर्व जोडून झालें तो दिवस शनिवार होता. वरणभात आटोपून मुलगा बसला. आंकडा सत्तरवर स्थिर झाला. "आजोबा, बघा!" एवढेंच तो म्हणाला, ह्या खेपेस त्याचा आवाज निराळा होता. साडेआठ वाजतां हैदराबादेहून मित्र आला आणि दोघांचे ट्रक प्रागहून निघाले. बोलणें मात्र ट्रकचें फारसें नव्हतेंच. नव्या शाळेंतले मास्तर कसे आहेत, डब्याला कोणाबरोबर बसतोस, गणिताला किती मिळाले, हेंच चाललें होतें. आम्ही दाराआड उभे राहून तें थोडा वेळ ऐकलें, हें खरें. मग कुटुंबानें हांक मारली, "वाजले किती? त्याला पुरे म्हणा." नित्य एक तास, आणि परीक्षेच्या पंधरवड्यांत मुळींच नाहीं, असा करार तेव्हांपासून आहे.

जुनी हार्ड डिस्क त्याच पेटींत आहे. तिच्यावर नातवाच्या मुंजीचीं छायाचित्रें ठेविलीं आहेत. तें जीटी ७१० कार्डही कपाटांत आहे. दुकानदार परत घेत नाहीं, आणि विद्यार्थी म्हणतो कीं ज्या संगणकास पडद्याची तार जोडण्याची जागाच नाहीं, त्यास तें अजूनही उपयोगीं पडेल. असा संगणक आम्ही शोधीत आहोंत.