मास्पेरो: चर्चच्या आवारातून रस्त्यावर

इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिश्चनांची संख्या साधारण दहा टक्के मानली जाते. राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांच्या काळात त्यांची गाऱ्हाणी सरकारदरबारी मांडत ते कॉप्टिक चर्चचे पोप शेनुदा तिसरे, तीही बहुधा बंद दाराआड. ११ फेब्रुवारी २०११ रोजी मुबारक पायउतार झाले आणि सत्ता लष्करी परिषदेकडे गेली. मुबारकविरोधी निदर्शनांत कैरोच्या तहरीर चौकात उतरलेल्या कॉप्ट तरुणांना आता मध्यस्थ नको होता.

महिनाही उलटला नाही तोच कैरोच्या दक्षिणेकडील सोल गावातले चर्च जमावाने उद्ध्वस्त केले. निषेधासाठी तरुणांनी ठाण मांडले ते नाईलकाठच्या मास्पेरो इमारतीसमोर, म्हणजे सरकारी दूरचित्रवाणीच्या दारात. सोलचे चर्च लष्कराने पुन्हा बांधून दिले. पण मे महिन्यात इम्बाबा वस्तीत, धर्मांतर केलेल्या एका स्त्रीला चर्चमध्ये कोंडल्याची अफवा पसरली आणि उसळलेल्या हिंसाचारात माणसे मेली.

पोलिसांचा वचक संपला होता आणि कट्टर इस्लामी सलाफी गट उघडपणे वावरू लागले होते, हे खरेच. मूळ दुखणे मात्र जुने होते. मशिदीला नसलेल्या अटी चर्चला होत्या. १८५६ च्या उस्मानी फर्मानावर आणि १९३४ च्या दहा अटींवर हा कारभार चाले. जवळ मशीद आहे का, शेजारच्या मुस्लिमांची हरकत आहे का, हेही पाहिले जाई. नव्या चर्चला थेट राष्ट्राध्यक्षांची परवानगी लागे. ती सहसा मिळत नसल्याने बांधकाम गुपचूप होई. मग ‘बेकायदा चर्च’ ही हाळी जमाव गोळा करायला पुरेशी ठरे.

सप्टेंबरअखेर अस्वान प्रांतातल्या मारिनाब गावात हेच घडले आणि जमावाने चर्चवर हल्ला केला. त्याच्या निषेधार्थ ९ ऑक्टोबरला कैरोच्या शुब्रा भागातून मास्पेरोकडे मोर्चा निघाला. लष्कराने गोळीबार केला, चिलखती गाड्या माणसांवर घातल्या. वीसहून अधिक लोक ठार झाले, त्यांत बहुतेक कॉप्ट होते. त्याच वेळी सरकारी वाहिनी सैनिकांच्या रक्षणासाठी नागरिकांना रस्त्यावर बोलावत होती. दंगल पेटवायचे याहून उघड साधन क्वचितच कोणी वापरले असेल.

पुढे तीन सैनिकांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोन-तीन वर्षांच्या शिक्षा झाल्या. हुकूम देणाऱ्यांपैकी कोणीही तुरुंगात गेले नाही. सर्व प्रार्थनास्थळांना एकच कायदा, ही आंदोलकांची मागणी होती. २०१६ मध्ये कायदा झाला, तो फक्त चर्चपुरता.