विश्लेषण : गोठवलेल्या शुक्राणूंपासून जन्मलेले मासे सुदृढ असतात का?

गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याचा वापर आता सर्वपरिचित आहे. माशांमध्येही हे तंत्र वापरले जाते. मत्स्यबीज केंद्रात वर्षानुवर्षे मोजकेच नर वापरले, की जवळच्या नात्यातील संकर वाढतो आणि बीज कमकुवत होते. दूरच्या नदीतील नरांचे गोठवलेले शुक्राणू हा त्यावरचा एक उपाय आहे. मात्र गोठवणीत शुक्राणूंतील डीएनएला इजा झाली, तर पिल्लांचे काय होते?

शुक्राणू कसे गोठवतात?

नराच्या पोटावर हलका दाब देऊन वीर्य काढतात. त्याला पाणी लागू देत नाहीत, कारण पाण्याचा स्पर्श होताच शुक्राणू पोहू लागतात. गोड्या पाण्यातील बहुतेक माशांत ही हालचाल जेमतेम एक-दोन मिनिटे टिकते. वीर्यात क्षारांचे द्रावण आणि डीएमएसओ किंवा मिथेनॉलसारखे संरक्षक रसायन मिसळून ते बारीक नळ्यांत भरतात आणि उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. १९५३ मध्ये ब्रिटनच्या जे. एच. एस. ब्लॅक्स्टर यांनी हेरिंग माशाचे शुक्राणू प्रथम यशस्वीपणे गोठवले. वसंतात आणि शरदात अंडी घालणाऱ्या हेरिंगचा संकर त्यांना करायचा होता.

इजा नेमकी कशी होते?

बर्फाचे स्फटिक, पेशीतील पाण्याची अचानक ये-जा आणि ऑक्सिजनचे घातक रेणू यांमुळे शुक्राणूचे आवरण फाटते. काही वेळा डीएनएच्या धाग्यांतही तुटी पडतात. शुक्राणूत पेशीद्रव नगण्य असल्याने तो ही दुरुस्ती स्वतः करू शकत नाही. फलनानंतर ते काम अंड्यातील यंत्रणा करते.

पिल्लांवर काय परिणाम होतो?

रेनबो ट्राउटवर याचा बराच अभ्यास झाला आहे. फ्रान्समधील संशोधकांना २००१ मध्ये गोठवणीनंतर डीएनएची किरकोळ हानी आढळली, पण पिल्लांच्या वाढीत ठळक फरक दिसला नाही. स्पेनमधील लिऑन विद्यापीठाच्या गटाने २०१० मध्ये पुढची पायरी गाठली. डीएनए तुटलेले शुक्राणूही अंडे फलित करतात. मात्र अंड्यातील दुरुस्ती रोखली, की भ्रूण मोठ्या प्रमाणात दगावतात, असे त्यांना दिसले. त्यानंतरच्या अभ्यासात अशा शुक्राणूंपासून झालेल्या भ्रूणांत व पिल्लांत काही जनुकांच्या कामात बदल आढळले.

मग फलनाचा दर पुरेसा का नाही?

सुरुवातीच्या काही तासांत भ्रूणाची वाढ आईने अंड्यात साठवलेल्या सामग्रीवर चालते. झेब्राफिशमध्ये भ्रूणाची स्वतःची जनुके फलनानंतर सुमारे तीन तासांनी, हजारेक पेशी झाल्यावर जोमाने कामाला लागतात. तोवर पित्याकडून आलेला दोष झाकलेला राहू शकतो. त्यामुळे ‘इतकी टक्के अंडी फळली’ एवढ्यावर यश ठरवणे फसवे ठरते. किती पिल्ले बाहेर आली, किती व्यंगविरहित होती आणि किती बोटुकलीपर्यंत जगली, हे मोजावे लागते.

ट्राउटचे निष्कर्ष रोहूला लागू होतात का?

सरसकट नाही. ट्राउटच्या शुक्राणूत डीएनए प्रोटामीन या प्रथिनाभोवती घट्ट बांधलेला असतो, तर सायप्रिनस आणि झेब्राफिशमध्ये तो हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. रोहू, कटला, मृगळ हे सायप्रिनसच्याच कुळातले. म्हणून प्रत्येक जातीसाठी संरक्षक रसायन, थंड करण्याचा वेग आणि पिल्लांची तपासणी स्वतंत्रपणे ठरवावी लागते. शिवाय सर्व नरांचे शुक्राणू गोठवण सारखीच सोसत नाहीत. सोसणाऱ्या मोजक्या नरांचाच साठा केला, तर जी विविधता जपायची तीच आक्रसते.

महाराष्ट्राशी संबंध काय?

लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था भारतीय माशांचे शुक्राणू गोठवण्याच्या पद्धती विकसित करते. दख्खनी महसीरच्या शुक्राणूंवरही असे प्रयोग झाले आहेत. याच महसीरचे प्रजनन लोणावळ्याच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून केले जाते. माशाचे अंडे आणि भ्रूण आकाराने मोठे व पिवळ्या बलकाने भरलेले असल्याने गोठवणे फार अवघड. त्यामुळे अशा पेढीत निम्माच वारसा, म्हणजे पित्याचा, साठतो. उरलेल्या निम्म्यासाठी आणि तुटलेला डीएनए सांधण्यासाठीही नदीत निरोगी मादी टिकायलाच हवी.