रिकामा डबा आणि दारची शेळी

गेल्या पावसाळ्यात आमच्या रिद्धपूरच्या वस्तीत एका मजूर भगिनीची गाभण शेळी तडफडून मेली. मालकाने दिलेल्या फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डब्यातून ती तिला पाणी पाजत होती. "तीनदा धुतला होता हो," असे ती माउली रडत सांगत होती. गरिबाच्या घरी शेळी हीच ठेव. लेकरांच्या वह्या, आजारपण, सारे तिच्यावरच निभते. म्हणून बंधू-भगिनींनो, या गोष्टी ध्यानात असू द्या.

कपाशी-संत्र्यावरची बरीच औषधे माणसाला आणि जनावराला सारखीच बाधतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतमजूर दगावले, ते अशाच विषांनी. डबा कितीही धुतला तरी विष उरते. त्याला भोके पाडून निकामी करावे. फवारलेल्या धुऱ्यावरचे गवत आणू नये. पेरून उरलेले रंगीत बियाणे कोंबड्यांना टाकू नये. संत्र्याच्या बुंध्याला लावतात त्या बोर्डो पेस्टमध्ये मोरचूद असते. तिथे शेळ्या-मेंढ्या चारू नयेत.

गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, पाण्याअभावी सुकलेली ज्वारी आणि कापणीनंतरचे हिरवे फुटवे यांतही सायनाइडचे विष असते. यालाच किराळ लागणे म्हणतात. जनावर बघता बघता आडवे होते. फुलोऱ्यापूर्वी हिरवी ज्वारी चारू नये.

उंदराच्या औषधाच्या उरलेल्या गोळ्या आणि मेलेला उंदीर सकाळीच खोल पुरावा, नाहीतर कुत्रा-मांजर खाते. मांजराला पॅरासिटामॉल देऊ नये. एका गोळीनेही ते मरू शकते.

लाळ गळणे, थरथर, धाप ही लक्षणे दिसताच १९६२ या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकाला बोलवावे. तेल, तूप, दूध बळेच पाजू नये. ते फुप्फुसात जाते. अंगावर औषध सांडले असेल तर आपले हात झाकून साबणाच्या पाण्याने धुवावे. डबा डॉक्टरांना दाखवावा. नाव कळले की योग्य उतारा देता येतो.

डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. हिरवा असला तरी ते विषच. आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्यावे. आणि मालकाने रिकामा डबा देऊ केला, तर हात जोडून नको म्हणावे.