एकदा पाहून भागत नाही

जव्हार-मोखाडा म्हटले की आपल्याला कुपोषण आठवते. कर्करोग हा जणू शहरातल्या सुखवस्तू माणसांचा आजार, असा आपला समज असतो. पण पाड्यावरच्या एखाद्या आजीबाईंना जरा आ करायला सांगा. गालात तंबाखू-चुन्याची गोळी असते. ती काढून चूळ भरली की कधी कधी नेमक्या त्याच जागी पांढरा चट्टा दिसतो. दुखतो का, असे विचारले तर आजी हसतात. दुखत नाही, म्हणून तर तो कोणाला दाखवलेला नसतो.

असा प्रत्येक चट्टा पुढे कर्करोग होतो असे नाही. बहुतेक होत नाहीत. पण जे होतात ते सुरुवातीला असेच मुकाट असतात. अशा वेळी उपयोगी पडतो तो उजेड, अगदी साध्या बॅटरीचासुद्धा. केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते.

मग नव्या प्रकाशयंत्रांचे काय? त्यांचे तत्त्व समजायला सोपे आहे. आपल्या कातडीत किंवा गालाच्या आतल्या अस्तरात प्रकाश शिरला की त्यातला काही परत फिरतो, काही रक्त शोषून घेते आणि काही पेशींवर आपटून विखुरतो. कर्करोगाच्या वाटेला लागलेल्या पेशींची केंद्रके मोठी होतात, भोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात, अस्तराखालचे धागे विस्कटतात. साहजिकच प्रकाशाची वागणूकही बदलते. निळा प्रकाश टाकून खास गाळणीतून पाहिले तर निरोगी गाल हिरवट चमकतो आणि बिघडलेली जागा काळपट दिसते. तिरुअनंतपुरमच्याच एका कंपनीने या तत्त्वावर हातात धरण्याजोगा कॅमेरा बनवला आहे. आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत रामन परिणामाचा वापर करून तोंडाच्या कर्करोगावर संशोधन झाले आहे. १९२८ मध्ये कलकत्त्यात लागलेला शोध गालातल्या चट्ट्यापर्यंत पोहोचला, याची मला मौज वाटते.

मात्र यंत्राच्या दाव्यांनी हुरळून जाऊ नये. सुजलेला हिरडा किंवा साधी जखमही निळ्या उजेडात काळी दिसते. शेवटी बारीकसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निदान होत नाही. यंत्र फार तर तुकडा कोठून काढावा हे सुचवते.

स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही अशीच नजरेची आहे. सौम्य व्हिनेगर, म्हणजे चार-पाच टक्के ॲसिटिक आम्ल, त्या जागी लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. बिघडलेल्या पेशी पांढऱ्या पडतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना हे काम शिकवले होते आणि तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे २०१३ मध्ये जाहीर झाले. तुलनेसाठी घेतलेल्या निम्म्या स्त्रियांना नुसती माहिती देण्यात आली, तपासणी नाही. यावर टीका झाली आणि मला ती रास्त वाटते.

याच्या शेजारी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातला अभ्यास ठेवून पाहा. तो बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साह्याने १९९९ पासून झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,३१,७४६ स्त्रिया होत्या. तिथे व्हिनेगरची तपासणी एकदाच झाली, आणि मृत्यूंत खात्रीने म्हणता येईल अशी घट दिसली नाही. याउलट एचपीव्ही या विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. डोळ्यांनी पाहायचे तर पुन्हा पुन्हा पाहावे लागते. विषाणूची चाचणी त्या मानाने दूरचे सांगते, म्हणून २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनेही तिलाच प्राधान्य दिले आहे.

मंडळी, जव्हार-मोखाड्यात गाडे अडते ते नेमके या 'पुन्हा पुन्हा' पाशी. २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिशीपुढच्या प्रत्येकाचे तोंड आणि स्त्रियांचे स्तन व गर्भाशयमुख दर पाच वर्षांनी तपासायचे आहे. पण भात घरात आले, दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. परतल्यावर लावणी. ज्या बाईचे नाव उपकेंद्राच्या वहीत 'पुन्हा बोलवावे' असे लिहिलेले असते, ती त्या तारखेला भट्टीवर विटा थापत असते. उद्या प्रकाशाचा कॅमेरा मोखाड्यात आला, तरी तो कपाटात आणि बाई भट्टीवर, असे व्हायचे. म्हणून तपासणी भात कापणीच्या आधी उरकावी आणि हिवाळ्यात पथकाने भट्टीवर जावे. एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, तेव्हा तो भट्टीवरही घेता येईल.

तोवर घरच्या घरी एवढे पाहता येते. तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का? तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जाते का? असे काही असेल तर निघण्याआधी आशाताईंना सांगावे, त्या प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवतील. भट्टीवर असताना लक्षात आले तर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. त्यासाठी गावी परतेपर्यंत थांबू नये.