‘कधी काढली’चा रकाना

माझ्याकडे एक लांबट हिशेबाची वही आहे. डोंबिवलीहून ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नेटवर्कच्या कामाला जायला लागलो, त्या १९९६ साली सुरू केलेली. पानावर रकाने दोनच: ‘कोणाला’ आणि ‘काय’. कोण कुठल्या फोल्डरमध्ये जाऊ शकतो, एवढंच त्यात लिहायचो. तिसरा रकाना आखायला बरीच वर्षं गेली.

पहिली पानं नॉव्हेल नेटवेअर या नेटवर्क प्रणालीची. काळ्या पडद्यावर ‘ग्रँट’ लिहिलं की अधिकार मिळायचा, ‘रिव्होक’ लिहिलं की जायचा. वाचणं, लिहिणं, नवी फाइल करणं, पुसणं, नुसती यादी पाहणं, प्रत्येकाला वेगळं अक्षर होतं. ते अक्षर हातानं टाइप करावं लागे, म्हणून विचारही करावा लागे. मग विंडोज ९८ आलं आणि शेअर करणं दोन क्लिकवर आलं. वाचायला एक पासवर्ड, सगळं करायला दुसरा. पण पासवर्ड माणसाचा नव्हता, फोल्डरचा होता. चहाच्या वेळी तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला की फाइल कोणी बदलली ते शोधणं अवघड. त्या वर्षांच्या पानांवर ‘कोणाला’ या रकान्यात जागोजागी एकच शब्द आहे: ‘सगळ्यांना’.

२००१ मध्ये डोंबिवली एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून सांबा बसवलं. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरुवात केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर. विंडोजची यंत्रं ज्या ‘एसएमबी’ पद्धतीनं नेटवर्कवर फाइली शेअर करतात, तीच ते वापरतं. एस, एम, बी ही अक्षरं क्रमानं येणारा शब्द शब्दसूचीत शोधताना ट्रिजेल यांना हे नाव सापडलं. सांबानं मला दोन दारांची गोष्ट शिकवली. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत ‘व्हॅलिड युजर्स’समोर नाव हवं, आणि लिनक्सच्या फोल्डरवरही मालक, गट किंवा इतर यांपैकी कोणीतरी म्हणून मुभा हवी. एक दार बंद असलं तरी माणूस बाहेरच.

हे शिकलो ते चुकून. हिशेबाचा फोल्डर उघडेना, तेव्हा कुठलं दार अडलंय ते न बघता मी ‘सीएचमॉड ७७७’ दिलं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज ७. तीच मालकाला, गटाला आणि इतरांनाही. लगेच सुरू झालं, मी साडेसातची गाडी पकडली. मार्चअखेरीला तात्पुरत्या कामावर आलेल्या एका मुलाच्या हातून त्यातला एक आख्खा फोल्डर पुसला गेला. नेटवर्कवरून पुसलेलं त्याच्या रिसायकल बिनमध्ये नव्हतं. सीडीवरची प्रत चार दिवस जुनी होती. त्या चार दिवसांच्या नोंदी हिशेबाच्या मॅडमनी रात्री बसून पुन्हा टाकल्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, “अहो, त्या मुलाला तिथे जायची गरजच काय होती?”

बोलणी त्या मुलानं खाल्ली, चूक माझी होती. तोवर परवानगी नाकारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं, ती नाकारली असती तर तो मुलगा वाचला असता.

मग गट केले: हिशेब, खरेदी, गोदाम. परवानगी गटाला, माणूस गटात. त्यातही धडे मिळाले. माणसाला गटात घालणाऱ्या ‘युजरमॉड’च्या आज्ञेत एक ‘ए’ राहिला आणि एका माणसाचे आधीचे सगळे गट गेले. नोकरी सोडणाऱ्याचं नाव गटातून काढलं, तरी आधीच उघडलेली जोडणी तुटेपर्यंत तो आतच होता. कोण जोडलेलं आहे ते दाखवणारं ‘एसएमबीस्टेटस’ पाहिलं तेव्हा ते दिसलं. त्याच संध्याकाळी वहीत तिसरा रकाना आखला: ‘कधी काढली’.

२०१७ नं त्या रकान्याची किंमत दाखवली. १२ मेला वॉनाक्राय हे नेटवर्कवरून पसरणारं घातक सॉफ्टवेअर आलं, २७ जूनला तसंच नॉटपेट्या, आणि त्यामुळे आपल्या न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. नॉटपेट्या एसएमबीच्या जुन्या भोकातून शिरत होतं, तसंच यंत्राच्या मेमरीत सापडलेले पासवर्ड वापरूनही पसरत होतं. ज्याच्या नावानं शिरेल, त्या माणसाला जितकं मोकळं, तितकं नॉटपेट्यालाही मोकळं. पुढचे काही आठवडे मी ठाणे-कल्याणच्या गिऱ्हाइकांकडे वही घेऊन फिरलो. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद केली, गरजेपुरतेच अधिकार ठेवले, आणि कधीच सोडून गेलेल्यांची खाती एकेक करून बंद केली.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं लोकांची माहिती जपण्यासाठी वाजवी सुरक्षा ठेवणं बंधनकारक केलं. छोट्या ऑफिसात ती सुरक्षा अशा वहीपासूनच सुरू होते. परवानगी मागायला माणूस दारात येऊन उभा राहतो. ‘आता नको, काढून घ्या’ असं सांगायला मात्र कोणी येत नाही. ती आठवण आपणच ठेवायची असते.

आता दर तीन महिन्यांनी पहिल्या पानापासून वही चाळतो. जुन्या पानांवरही पेनानं तिसरा रकाना आखला आहे. एकही जागा रिकामी दिसली, की आधी फोन करतो.