बांधाच्या आतलं रान

शिराळा तालुक्यात चांदोलीच्या अंगाला भात, खाली वारणाकाठी ऊस. पीककर्जाचे अर्ज तपासता तपासता शाळेतली रेषीय असमानता मला इथंच खरी उमगली.

समजा, रान ४ एकर. क्ष एकर ऊस, य एकर भात. म्हणजे क्ष + य ≤ ४. उसाला एकरी ४० हजार, भाताला २० हजार, हाताशी १ लाख २० हजार. म्हणून २क्ष + य ≤ ६. आलेखावर या रेषा (२, २) पाशी छेदतात. पण रेषा हा नुसता बांध. उत्तर म्हणजे बांधाच्या आतलं सगळं रान. आतली बाजू कोणती? आरंभबिंदू (०, ०) घालून पाहा. काहीच न पेरणारा जमिनीतही बसतो, पैशातही! घरच्या चुलीसाठी एकरभर भात हवंच, य ≥ १, म्हटलं की मात्र तो बाहेर.

लेनिनग्राडच्या कांटोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवूडसाठी असंच गणित मांडलं. १९७५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता ३ एकर ऊस, १ एकर भात? जमीन पुरते, चूल पेटते, पैसे २० हजारांनी कमी पडतात. ते हातउसने आणायचे, की अर्धा एकर पड ठेवून ऊस अडीच एकरांवर थांबवायचा? कागदावर हे कर्ज उचलण्याआधी दिसतं.